चिडवणारं अत्तर

रघुशेठ पटवेकरांच्या दुकानात 'छान' म्हणायला बंदी होती. शेठ गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तर लावत, गिऱ्हाईक मनगट नाकाशी नेई आणि सवयीनं "वा, छान आहे" म्हणे. की शेठ त्याच्या हातातली कुपी काढून घेत, तिला बूच लावत आणि म्हणत, "मंग हा माल बिघडला. तुमी असं करा, पुढल्या कोपऱ्यावर गुलाबपानी मिळतं. ते न्या. ते लई छान असतं."

गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं राही. शेठ ढुंकून बघत नसत. उलट एखाद्यानं नाक मुरडून "शी! हे काय हो? गोठ्यात बसल्यासारखं वाटतंय," असं म्हटलं की शेठची कळी खुलायची. "गोठा? कसला गोठा? गाईचा का म्हशीचा? नीट सांगा की राव." मग ते त्या चिडलेल्या माणसाला बसवून घेत, त्याच्या तोंडून सगळं काढून घेत आणि त्यालाच ती कुपी विकत. अत्तर माणसाला बरं वाटावं म्हणून लावतात, हे नगरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रघुशेठना मात्र ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

कापडबाजारातून जो बोळ आडवा जातो, त्यात एका जिन्याखाली हे दुकान होतं. जिना बांधून जी जागा उरली, तिला दुकान म्हणायचं इतकंच. आत शेठ बसू शकत. उभं राहायचं झालं तर त्यांना रस्त्यावर यावं लागे. पाटी मात्र दुकानापेक्षा मोठी होती. 'पटवेकर सुगंधालय', आणि खाली, 'सभ्य माणसांनी विचार करून यावे'. जिन्यावरच्या दोन खोल्यांत शेठ आणि त्यांची मुलगी सुमन राहत. शेठची बायको सुमन लहान असतानाच वारली होती.

या दुकानासमोर माझा होमिओपॅथीचा दवाखाना होता. ज्यांना होमिओपॅथीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सगळ्या नगरसाठी, सांगतो. आमच्या गोळ्या फार नाजूक असतात. कापूर, कांदा, उग्र अत्तर यांचा वारासुद्धा त्यांना सोसत नाही. गुण निघून जातो. आणि माझ्या गोळ्यांच्या बरोबर नाकासमोर हा माणूस दिवसभर बुचं उघडून बसलेला. माझा एखादा पेशंट बरा झाला नाही, तर त्याचं कारण शोधायला मला लांब जावं लागत नसे.

शेठनाही माझ्या शास्त्राबद्दल तितकाच आदर होता. "डॉक्टर, ह्या गोळीत औषध हाय ना?" ते विचारायचे.

"आहे."

"दाखवा."

"सूक्ष्म असतं ते."

"म्हंजे न्हाई," असं म्हणून ते माझ्याच पेशंटकडे वळायचे. "घ्या हो. साखर हाय. साखरेनं कोन मेलंय?"

त्यांच्या अत्तरांची नावं सांगितली तर वाचक पुढचं वाचणार नाहीत, पण सांगतोच. एक होतं 'कचेरी'. त्यात जुन्या दप्तराचा कुबट वास, दौतीतली शाई आणि तंबाखूचं पान. सरकारी कचेरीतले एक साहेब ते हुंगून असे संतापले की त्यांनी दुकान बंद करायची धमकी दिली, आणि दुसऱ्या दिवशी शिपायाला पाठवून एक कुपी गुपचूप नेली. एक होतं 'सोवळं'. ओला रेशमी कद, कापूर, चंदन, आणि या सगळ्यांच्या मागे कांद्याचा अगदी एवढासा वास. ते ज्यांनी ज्यांनी हुंगलं, त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. एकाचं नाव 'श्रीगोंदा गाडी'. डिझेल, विडी, संत्र्याची साल आणि टोपलीतली कोंबडी. श्रीगोंद्याच्या एका शेतकऱ्यानं ते हुंगलं आणि तो डोळे मिटून बसला. "ह्यातली कोंबडी माजीच हाय," तो शेवटी म्हणाला.

साखर कारखान्याच्या मळीचंही अत्तर शेठनी काढलं होतं. ते मात्र कोणी घेईना. कारखान्याच्या पट्ट्यातला जो तो म्हणे, "आमच्याकडं ह्यो वास फुकाट येतो, अन् तुमी पैसं घेता व्हय?"

कोणी जाब विचारला तर शेठचं उत्तर ठरलेलं. "हे अत्तर न्हाई, हे आपलं मत हाय." आणि जाता जाता गिऱ्हाइकाला हमखास ऐकवत, "तुमाला नाक हाय का न्हाई?"

असल्या माणसाकडे कोण जाईल, असं तुम्हाला वाटेल. पुणेकर जात. मोटारी घेऊन येत. नगरचा माणूस नगरच्या माणसाला वेडा म्हणाला की पुण्याचा माणूस त्याला कलावंत म्हणतो, हा नियमच आहे. त्यांच्या त्या गॉगलवाल्या बायका जिन्याखाली वाकून 'सोवळं' हुंगत आणि "ई, किती धीट आहे!" म्हणत. हे ऐकायला ते धूळ आणि ऊन खात इतक्या लांब यायचे.

मी तिथे रोज दुपारी जात असे. दुपारी माझा दवाखाना रिकामा असायचा. तो सकाळीही रिकामाच असायचा, पण ते मी दुपारपर्यंत मान्य करत नसे. शेठ समोरून हाक मारत, "डॉक्टर, या. शिव्या द्या." आणि मी जाऊन देत असे. मी कुणाच्या तोंडावर गोड बोलणारा नाही. "शेठ, हा हिना म्हणता तुम्ही? ओल्या पोत्यात गूळ ठेवलाय नुसता, आणि तोही गेल्या वर्षीचा," असं मी म्हणायचो. शेठ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत आणि पुढे दोन थेंब इकडचे तिकडे करत. स्वतः कधी हुंगत नसत. हलवाई आपली जिलबी खात नाही, तसलं काहीतरी असेल असं मी समजायचो.

सुमन मॅट्रिक झालेली, अंगानं सडसडीत आणि बोलायला नेटकी. सकाळी दुकान उघडलं की ती खाली येई, एकेक कुपी उघडून बघे आणि ओळीनं फडताळात लावून देई. बापाला एवढंसुद्धा काम नको, असं मी मनात म्हणायचो. माझं मनातलं बोळात सगळ्यांना ऐकू जात असे.

दुष्काळाचं साल होतं ते. नळाला पाणी आलं की बोळात आरोळी उठे. लोक अंघोळ टाळत आणि अत्तर लावत, त्यामुळे शेठचा धंदा तेवढा तेजीत होता. त्याच साली सुमनला देवळाली प्रवऱ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा कारखान्यात नोकरीला, घरचा ऊस, माणसं साधी. मुलगी बघायला मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आजी अशी मंडळी आली. शेठकडून बोलायला वडीलधारं कोणी नव्हतं म्हणून मी बसलो होतो.

पाहुण्यांना अत्तर लावायची चाल सगळीकडेच आहे, आणि अत्तरवाल्याच्या घरी ती चुकणार कशी? म्हणून मी आदल्या दिवशी शेठना बजावलं होतं, "शेठ, साधा वाळा लावा. तुमचं मत उद्या घरी ठेवा." त्यांनी निमूट मान डोलावली होती. सुमननं सकाळीच अत्तरदाणी लावून ठेवली होती. लाकडी पेटी, आत कुप्यांची सहा घरं, वाळ्यासोबत दुकानातले नमुनेही.

पोहे झाले. मुलाचे वडील हौशी गृहस्थ. त्यांनी पेटीतल्या कुप्या उचलून पाहिल्या, कौतुक केलं आणि ठेवून दिल्या. सुमन आत चहा गाळत होती. शेठ उठले, पेटीतली कुपी काढली आणि मोठ्या अदबीनं आजीच्या हातावर अत्तर लावलं. आजीनं हात नाकाशी नेला.

ते 'तालीम' होतं. आखाड्याची तांबडी माती, तेल, हळद, ताक आणि घाम! लाल मातीतले पैलवानसुद्धा ज्या कुपीपासून लांब उभे राहत, ती या माणसानं पिकल्या केसांच्या बाईच्या हाताला लावली होती. आजी ताठ झाली. तिचं तोंड लालबुंद झालं. तिनं पदर पुढे ओढला आणि आपल्या लेकाकडे न बघता म्हणाली, "उठा. चला."

चहा येईपर्यंत जिना रिकामा झाला होता.

त्या दिवशी मी रघुशेठना जे बोललो, ते छापण्यासारखं नाही. "अहो, गावाला चिडवता ते चिडवा. पोटच्या पोरीच्या सोयरिकीतही थट्टा? ती म्हातारी तुमचं काय लागत होती?" शेठ पांढरेफटक पडले होते. एक कुपी या घरातून काढायची, त्या घरात ठेवायची, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी ते म्हणाले, "आपलं मत हाय ते." पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

सगळ्या बोळानं त्यांच्या नावानं खडे फोडले. बापाच्या मस्तीपायी पोरीचं वाटोळं झालं, असं बायका नळावर बोलत. मी सुमनला धीर द्यायला गेलो, तर तीच म्हणाली, "काका, जाऊ द्या. मला कुठं जायचंच नाही." मुली असं म्हणतातच, म्हणून मी ते कानाआड केलं.

मग उन्हाळा आला आणि एके दिवशी बोळात तो वास सुटला.

मला वाटलं, शेठनी आता मात्र ताळ सोडला. दवाखान्यात बसवेना. मी नाकाला रुमाल लावून तणतणत समोर गेलो. तिथे पुण्याचं एक जोडपं बसलेलं. गृहस्थ लांब कल्ले राखलेले, पायघोळ पँटवाले. शेठनी त्यांच्या मनगटावर 'सोवळं' लावलं होतं. गृहस्थांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि ते हलकेच म्हणाले, "यात मरण आहे हो."

"मरन?" शेठ चपापले. "सोवळ्यात मरन कुठनं आलं?"

"आहे. स्पष्ट आहे. सगळ्या पावित्र्याच्या तळाशी काहीतरी कुजतंय. वा!"

शेठनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. "टाकलंय," ते म्हणाले. "थोडं मरन टाकलंय ह्या खेपेला."

पुणेकरांनी 'सोवळं' होतं नव्हतं तेवढं सगळं नेलं. मोटार वळली आणि मी रुमाल काढून ओरडलो, "शेठ, मरण कसलं? घूस मेलीय तुमच्या दुकानात!"

"नाक हाय बरं का तुमाला, डॉक्टर," शेठ हसून म्हणाले. मला वाटलं, अजून सोंगच चाललंय. मी वाकलो आणि ते बसत ती फळी त्यांना बाजूला करून उचलली. खाली घूस होती. मांजराएवढी, फुगलेली, आदल्या रात्रीच मेलेली असावी, पण उन्हानं सडलेली. आणि फळीलगतच शेठची दुपारची भाकरी होती, अर्धी खाल्लेली.

मी तोंड उघडलं ते शिव्या द्यायलाच. पण शेठ घुशीकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि वास किती असेल त्याचा माझ्या तोंडावरून अंदाज घेत होते.

"लई हाय का?" त्यांनी हळू विचारलं.

मी फळी बाजूला ठेवली. मग मीच ती घूस कागदात धरून लांब टाकून आलो, हात धुतले आणि त्यांच्यासमोर बसलो. शेठ जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"सुमी चौथीत हुती. मला विषमज्वर आल्ता. उठलो तवा जीव हुता, पन नाक गेल्तं. आधी मी बी मोगराच इकायचो, डॉक्टर. बापाचा धंदा तो. बरा झाल्यावर आठवनीनं मोगरा केला. लोकं म्हनली, छान. दुसऱ्या खेपेला त्यात माझ्या हातनं रॉकेल सांडलं. मला कळलंच न्हाई. तरी बी लोकं म्हनली, छान. तोंडावर कोन खरं बोलतंय? मंग म्हनलं, असा वास काढायचा की मानूस चिडलाच पाह्यजे. चिडलेला मानूस खोटं बोलत न्हाई. काय काय चुकलंय ते सगळं वकतो." त्यांनी मान वर केली. "अन् तुमच्यासारखं तर कोनीच चिडत न्हाई. तुमच्या जिवावर दुकान चाललंय माझं."

ही माझी स्तुती होती की कसं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

"मग त्या दिवशी? ती तालीम?"

"उजवीकडनं पयल्या घरात वाळा. सुमीनं लावून दिल्ता. पावन्यांनी उचलून बघितला अन् दुसऱ्या घरात ठेवला. मला काय कळनार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? अख्खं गाव थुंकलं तुमच्यावर!"

"थुंकू द्या. नाक नसलेल्या अत्तरवाल्याकडनं कोन माल घेईल, डॉक्टर? माजोरी म्हनलेलं परवडतं."

एवढ्यात जिन्यावरून सुमन उतरली. तिनं सगळं ऐकलं असावं. बापाची ती उरलेली भाकरी तिनं उचलली आणि माझ्याकडे बघत सरळ म्हणाली, "आता कळलं ना काका? मी गेले की सकाळी कुप्या कोण बघून लावणार? आणि दुकानाचं सोडा. वर स्टोचं रॉकेल गळलं, भडका उडाला, तरी यांना धूर दिसल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मला जायचं नाही."

"आईकली का?" शेठ म्हणाले. "अशी बोलती. पोरीनं बापाचं नाक हून ऱ्हायचं का जलमभर?"

मी दोघांवरही भडकलो. बापाला वेडा म्हटलं, लेकीला दीडशहाणी म्हटलं. आणि त्याच रागात बोलून गेलो की सकाळी मी येत जाईन, कुप्याही बघीन आणि स्टोही बघीन. माझ्या गोळ्यांचा गुण जायचा तो गेलेलाच आहे. सुमननं मला दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पण पुढचे काही दिवस मी रोज सकाळी तिच्याआधी दुकानाशी उभा राहिलो, तेव्हा तिचं तोंड बंद झालं.

मग मी एस.टी. धरून देवळाली प्रवऱ्याला गेलो. खरं कारण सांगायचं नाही अशी शेठनी शपथ घातलेली, त्यामुळे मी मोकळ्या हातानं माफी मागायला निघालो होतो. मुलाच्या वडिलांनी थंडपणानं गूळपाणी दिलं. मी निरोप घेऊन निघालो, तर आजीनं मला गोठ्याकडे बाजूला बोलावलं.

"म्या रागावले न्हवते, बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आमचं मालक तालमीतलं. सांजच्याला आखाड्यातनं घरी आलं की असाच वास यायचा. त्यांस्नी जाऊन लई साल झाली. आन् त्या दिशी पोरासोरांम्होरं, पावन्यांम्होरं, एकदम मालक जवळ येऊन बसल्यावानी झालं. मला मेलीला लाज वाटली. म्हनून उठले."

तिनं घराकडे एकदा वळून पाहिलं.

"तो हात म्या लवकर धुतला बी न्हाई," आजी म्हणाली आणि तिनं पुन्हा पदर पुढे ओढला. "पोरगी आमी करून घेतो. मी सांगते लेकाला. पन त्या येड्याला म्हनावं, चारचौघांत असलं काई लावू नगंस. लावायचं तर मानसाला इचारून लाव."

सोयरीक ठरली. आता प्रश्न साखरपुड्याच्या अत्तराचा होता. शेठनी बाजारातून वाळा आणायला साफ नकार दिला. "माझ्या लेकीच्या साखरपुड्याला दुसऱ्याचं अत्तर? मी मोगरा करनार. बापावानी." आणि पुढचे कित्येक दिवस सकाळ-दुपार आमची भांडणं चालली. ते आठवणीनं थेंब घालत आणि मी हुंगून शिव्या देत असे. "शेठ, हा मोगरा आहे का देवळाबाहेरचा शिळा हार? चंदन कमी करा. कमी म्हणतोय, बंद नाही!" सुमन जिन्यावर बसून ऐके. एकदा मी चुकून गप्प बसलो तर शेठ घाबरेघुबरे झाले. "काय झालं? बिघडलं का?" मी गप्प बसलो होतो कारण वाईट म्हणण्यासारखं काही सापडत नव्हतं. पण हे त्या माणसाला सांगून पटणार नव्हतं. शेवटी मी खेकसलो, "बिघडायला काय झालंय? इतका साधा वास काढायला तुम्हाला इतकी वर्षं लागली, लाज वाटत नाही?" तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

साखरपुड्याला अर्धा बोळ जमला होता, आणि तो शेठ आता काय लावतात हे बघायलाच जमला होता. शेठ अत्तरदाणी घेऊन उठले तसे दोघे-तिघे मागे सरकले. शेठ आजीसमोर थांबले आणि त्यांनी तिला विचारलं, "लावू का?" आजीनं हात पुढे केला. मग मुलाचे वडील, मग मुलगा, मग सगळे. जो तो हात हुंगे आणि "छान आहे" म्हणे. शेठ निमूटपणे ऐकत पुढे जात होते. त्या दिवशी त्यांनी एकाच्याही हातातलं काही काढून घेतलं नाही.

वैशाखात लग्न झालं. पाण्याची ओरड होती म्हणून थोडक्यातच उरकलं. पाठवणीच्या वेळी सुमन बापाच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली, आणि "स्टो, काका, स्टो," असं बजावून टेम्पोत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमानं कुप्या लावायला गेलो तर दुकान बंद होतं. जिना चढून वर गेलो. शेठ आतल्या खोलीत, रिकाम्या कॉटजवळ जमिनीवर बसले होते. सुमनची ट्रंक गेल्यानं तिथल्या फरशीवर चौकोन उमटलेला दिसत होता. खुंटीला तिचं एक विटलेलं पातळ राहिलं होतं.

"दुकान उघडायचं नाही का? का लेक गेली म्हणून धंदा बुडवणार?" मी विचारलं.

"उघडू. आधी जरा आत या, डॉक्टर. हितं वास घ्या."

"कशाचा?"

"घ्या तर."

मी वास घेतला. मला कुणाचं मन राखायची सवय नाही, त्यामुळे जे होतं तेच सांगितलं. "रॉकेल. हिंग, कालच्या फोडणीचा. भिंतीला ओल आहे तिचा. शिकेकाई." मग मी खिडकीकडे सरकलो. "आणि इथं ओल्या केसांचा. केस वाळवायची का ती इथं?"

"व्हय," शेठ म्हणाले. "रोज हितंच बसायची. अजून येतो?"

"येतो. अगदी थोडा."

"किती दिस ऱ्हाईल?"

"राहतोय कसला," मी म्हणालो. "एवढा वारा आत येतोय. जाईल आज-उद्यात."

शेठ गुडघ्यावर हात ठेवून उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही दारं ओढून खिडकी लावून घेतली.